शिगवणांची खारट माती

बबन शिगवणांच्या हातून आजवर कुठलीच वस्तू सुखाने कचऱ्यात गेली नव्हती. भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. तिथे पोचा आलेलं ताट किंवा कान तुटलेलं पातेलं कुणी फेकत नसे. ते कोपऱ्यात पडे, वितळायला जाई आणि पत्रा होऊन परत येई. बबनरावांनी हा नियम घरी आणला. पण घरात भट्टी नसल्यामुळे वस्तू नुसत्याच साचत गेल्या. तळ गेलेल्या बादल्या, रंगाचे रिकामे डबे, मासळीबाजारातून मागून आणलेले थर्माकोलचे खोके, असं सगळं खारीगावालगतच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आपापली जागा धरून बसलं होतं.

रिटायर झाल्यावर बबनरावांनी त्या सगळ्यांना कामाला लावलं. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये डबे मांडले, त्यांत माती भरली आणि वांगी, मिरच्या, टोमॅटो लावले. माती अर्धी घोडबंदर रोडच्या नर्सरीतली होती आणि अर्धी संगमेश्वरच्या त्यांच्या घरामागची. गावाहून येताना लोक आंबे आणतात, हे माती आणत. एकदा एसटीच्या कंडक्टरने पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, "काका, दगड भरलेत काय?" "दगड कशाला भरीन? माती आहे," बबनराव म्हणाले. त्यावर कंडक्टरला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

पहिल्या वर्षी वांगी अशी आली की बबनरावांनी ती मजल्यामजल्यावर वाटली. दुसऱ्या वर्षी घरापुरती आली. मग वर्षागणिक झाडं खुजी होत गेली. पानांच्या कडा करपायच्या, फुलं यायची आणि गळून जायची. यंदा थंडी सरताना अख्ख्या बाल्कनीत मिळून चार-दोन वांगी लागली, तीही लिंबाएवढी. बबनरावांनी त्यांचं भरीत करायला सांगितलं. त्यांच्या बायकोने, वासंतीबाईंनी, ती भाजली आणि बशीत वाढली तेव्हा भरीत कुठलं आणि वांग्याची जळलेली साल कुठली हे दोघांनाही सांगता येईना.

"माती दमलीय," बबनराव म्हणाले.

"मग टाका ती," वासंतीबाई म्हणाल्या. "रविवारी माणसं येतायत."

माणसं येणार होती ती मुलीच्या लग्नाच्या बोलणीसाठी. मुलगी, सुरुची, मीरा रोडच्या एका लॅबमध्ये कामाला होती आणि तिने तिथल्याच साईराज भोईर नावाच्या मुलाशी जमवलं होतं. मुलगा भाईंदरलगतच्या मुर्धा गावचा, आगरी घरातला. वडील काही वर्षांपूर्वी गेले होते, घरात तो आणि आई. जातीचं म्हणून थोडी कुरबुर झाली होती, पण ती बबनरावांच्या गावाकडच्या भावाने फोनवर केली होती आणि नेटवर्क गेल्यामुळे अर्ध्यावर थांबली होती. आता साईराजची आई, सुगंधाबाई, घर बघायला आणि तारीख ठरवायला येणार होत्या. बाल्कनी रिकामी, धुतलेली आणि त्यात दोन खुर्च्या, असं चित्र वासंतीबाईंनी मनात धरलं होतं.

बबनरावांनी झाडं उपटली, माती दोन गोणींत भरली आणि पहिली गोण घेऊन सकाळी घंटागाडीपाशी उभे राहिले. गाडीवरच्या माणसाने विचारलं, "ओला का सुका?"

"माती आहे."

"काका, ओला नाय, सुका नाय, तर मी टाकू कुठे?" तो म्हणाला आणि गाडी पुढे गेली.

मग त्यांनी ती गोण रिक्षात घालून जवळच्या बागेच्या कुंपणापाशी नेली आणि एका झाडाच्या बुंध्याशी टेकवून, कुणी बघत नाही अशी खात्री करून, चालू लागले. कोपऱ्यावर पोचतायत तोच मागून वॉचमन धावत आला. त्याच्या खांद्यावर गोण होती. "अंकल, आपका सामान रह गया," तो धापा टाकत म्हणाला. इतक्या सज्जन माणसाला खरं सांगणं बबनरावांना जमेना. त्यांनी त्याचे आभार मानले, त्याला चहा पाजला आणि गोण घेऊन घरी आले. मनातल्या मनात त्यांना जरा बरंच वाटलं. माती पाच वर्षं घरात राहिली होती. ती अशी परक्या कुंपणाशी सोडून यायची म्हणजे कसंसंच वाटत होतं.

आता प्रश्न वासंतीबाईंचा होता. त्या भाजी आणायला गेल्या होत्या. हॉलमध्ये एक दिवाण होता, त्याच्या पोटात गोधड्या ठेवायचा खण होता. बबनरावांनी गोधड्या कपाटावर चढवल्या आणि दोन्ही गोणी दिवाणाच्या पोटात सारल्या. वर गादी, गादीवर नवी चादर. वासंतीबाई आल्या, त्यांनी मोकळी बाल्कनी बघितली आणि विचारलं, "गेली?"

"गेली," बबनराव म्हणाले. गेली एवढंच त्यांनी सांगितलं होतं, कुठे गेली ते वासंतीबाईंनी विचारलं नव्हतं, असा त्यांनी स्वतःशी हिशेब लावला.

रविवारी सुगंधाबाई आल्या. उंच, सडपातळ बाई, कडक इस्त्रीची साडी, आणि घरात शिरल्याबरोबर चारी भिंतींवरून एकदा फिरलेली नजर. साईराज त्यांच्यामागे मिठाईचा पुडा धरून इतका अंग चोरून आला की जणू तोच मुलगी होता. वासंतीबाईंनी सुगंधाबाईंना दिवाणावर बसवलं, कारण घरातली ती सगळ्यात चांगली जागा होती. बबनराव समोर खुर्चीत बसले आणि दिवाणाकडे सोडून बाकी सगळीकडे बघत राहिले.

बोलणं बरं चाललं होतं. पोहे झाले, दोन्हीकडच्या गावांची विचारपूस झाली. सुगंधाबाईंनी सांगितलं की त्यांचे सासरे मिठागरात काम करत, घरची भातशेती होती, आता तिथे बिल्डिंगी आल्या आणि अंगणापुरती जागा उरलीय. सुरुची चहा घेऊन आली. नेमक्या त्या वेळी वासंतीबाईंना दिवाणाच्या खालून, पांढऱ्याशुभ्र लादीवर, एक लांबलचक गांडूळ बाहेर येताना दिसलं.

ते घाईत नव्हतं. आधी तोंड, मग थोडं थांबून बाकीचं, असं ते शिस्तीत येत होतं. वासंतीबाईंनी सुरुचीच्या हातातला ट्रे घेऊन आडवा धरला. बबनरावांनी पाय लांब केला. पण सुगंधाबाईंची नजर शेतातली होती.

"गांडूल हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी वाकून ते तळहातावर घेतलं. सुरुचीने डोळे मिटले. "यो तिसऱ्या मजल्यावर कुठून आयला?"

 वासंतीबाईंनी कपाटावर चढलेल्या गोधड्यांकडे पाहिलं, मग दिवाणाकडे, मग नवऱ्याकडे. छत्तीस वर्षांच्या संसारात अशा नजरेला काय उत्तर द्यायचं असतं ते बबनरावांना ठाऊक होतं. "जरा उठता का ताई," ते सुगंधाबाईंना म्हणाले.

गादी उचलली, फळी उचलली. गोणीचं तोंड सुटलं होतं आणि माती खणात पसरली होती. साईराज मान वाकवून बघत राहिला. या घरात आपल्याला पुढे काय काय दिसणार आहे याचा तो अंदाज घेत असावा.

सुगंधाबाई मात्र खाली बसल्या. चिमूटभर माती घेऊन त्यांनी बोटांत चोळली, वास घेतला, आणि बघता बघता जिभेवर ठेवली. वासंतीबाईंनी ट्रे खाली ठेवला.

"खारट हाय," सुगंधाबाई म्हणाल्या. "म्हनून तर बिचारा पलून चालला होता."

बबनरावांना एवढा वेळ लाज वाटत होती. आता त्यांना राग आला. मुलीवरून कुणी काही बोललं असतं तर त्यांनी मुलीचा बाप म्हणून ऐकून घेतलं असतं. "संगमेश्वरची माती आहे ती," ते म्हणाले. "खारट कशी असेल?"

"चाखून बघा की."

"दमलीय ती. खारट नाही. उन्हात चांगली भाजली की ताजी होते. रोग मरतो, कीड मरते."

"कीड मरते, बरोबर. पन मीठ मरते का? उनानं मीठ गेलं असतं तर आमचे सासरे जन्मभर मिठागरात काय करत होते?" सुगंधाबाईंनी हात झटकले. "आमच्या मुर्ध्याला खाडीचं पानी शेतात शिरलं का जमीन अशीच व्हायची. मग गोड्या पान्यानं धुवाची. दोन-तीनदा धुवून काढली का परत भात यायचा."

"माती काय तांदूळ आहेत धुवायला? धुतली की सगळा कस वाहून जाणार."

"मीठ ठेवून कस घेऊन काय कराचं?"

हे असं बराच वेळ चाललं. साईराज आणि सुरुची टेनिसची मॅच बघावी तशी मान फिरवत होते. वासंतीबाईंनी दोनदा "ते तारखेचं" असं म्हणून पाहिलं, पण त्यांचा आवाज वांगी आणि मिठागर यांच्यामध्ये कुठेतरी हरवला. शेवटी सुगंधाबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "एक गोण मना द्या. तुमी तुमची उनात भाजा, मी माजी धुते. बघू कोनाची उगवते."

साईराजने गोण खांद्यावर घेतली. लिफ्टच्या दारात तो सुरुचीला हळूच म्हणाला, "डेटचं काही झालं का?"

"तू आत्ताच माझ्या घरातून माती घेऊन चाललायस," सुरुची म्हणाली. "आता घरी जा."

 त्या रात्रीच्या जेवणाला वासंतीबाईंनी खाऱ्या बांगड्याचा तुकडा भिजत घातला होता. सवयीप्रमाणे बबनराव ते भिजवलेलं पाणी बाल्कनीत न्यायला उठले आणि भांडं हातात घेऊन दारातच थांबले. माशाच्या पाण्याने झाडं जोमात येतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. पण ऐकलं होतं ते ताज्या माशाचं. बबनराव पाच वर्षं दर आठवड्याला खाऱ्या बांगड्याचं, मधूनमधून खाऱ्या सुरमईचं पाणी ओतत आले होते. शिवाय टँकर आला की त्याचं ते मचूळ पाणी.

"काय झालं?" वासंतीबाईंनी विचारलं.

"काही नाही," बबनराव म्हणाले आणि भांडं मोरीत रिकामं केलं. वासंतीबाईंना सगळं समजलं होतं, पण हे अस्त्र त्यांनी पुढच्यासाठी राखून ठेवलं.

चूक कळणं वेगळं आणि विहिणीपुढे मान्य करणं वेगळं. बबनरावांनी गच्चीवर प्लास्टिक अंथरलं, माती पातळ पसरली आणि मुळं, काड्या वेचून काढल्या. मार्चचं ऊन चांगलं कडक होतं. सोसायटीचे सेक्रेटरी जितेश शाह गच्चीची टाकी बघायला आले तेव्हा बबनराव डोक्यावर ओला टॉवेल टाकून हाताने माती खालीवर करत होते.

"शिगवणकाका, ये क्या सुखा रहे हो?"

"मिट्टी."

जितेशभाईंनी थोडा विचार केला. "मिट्टी तो सूखी ही होती है ना?"

बबनरावांनी माती खालीवर करणं चालू ठेवलं. पण काही दिवसांनी माती खडखडीत वाळली आणि तिच्यावर जागोजागी पांढरी पूड धरली, तेव्हा बबनराव उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं, फक्त कबुतरं. त्यांनी बोट लावलं आणि जिभेला टेकवलं. मग टॉवेलने जीभ पुसली.

तरीही त्यांनी त्याच मातीत मेथी पेरली. मेथी कुठेही उगवते, असा त्यांना भरवसा होता. इथे नाही उगवली. आणि एका सकाळी साईराजच्या फोनवरून सुरुचीला, सुरुचीकडून बबनरावांना असा फिरत फिरत एक फोटो आला. मुर्ध्याच्या अंगणात एक निळा टब, टबात हिरवागार कोवळा पालक, आणि फोटोच्या कडेला सुगंधाबाईंचं बोट, पालकाकडे रोखलेलं.

त्या दिवशी बबनराव बाजारात गेले आणि मुळांसकट मेथीची जुडी घेऊन आले. मेथी विकणारीने त्यांना निवडून पानंच देऊ का विचारलं तर म्हणाले, "नको, मुळं पाहिजेत." घरी येऊन त्यांनी एकेक काडी डब्यात रोवली, पाणी शिंपडलं आणि वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले. सगळ्यात चांगला होता तो पाठवला. खाली लिहिलं, "आमची पण आली."

"बाबा, हे काय करताय?" सुरुचीने विचारलं.

"तुझ्याच लग्नाचं बघतोय."

संध्याकाळी सुगंधाबाईंचा व्हॉइस मेसेज आला. आवाज अगदी गोड होता. "मेथी बरी हाय. कालपर्यंत डब्यात कायच नव्हतं असं सुरुची बोलली, नि आज वीतभर झाली. संगमेश्वरच्या मातीत लय जोर हाय. रविवारी बघाला येते."

बबनरावांनी सुरुचीकडे पाहिलं. सुरुचीने फोनमध्ये डोकं घातलं होतं.

रविवारपर्यंत मेथीने जीव टाकला. सगळ्या काड्या एकाच दिशेला आडव्या झाल्या होत्या. त्यातल्या एका काडीला तर जुडी बांधायची हिरवी सुतळी तशीच लटकत होती. बबनरावांनी डबा लपवावा म्हणून घरभर नजर फिरवली, पण दिवाणावर आता वासंतीबाई स्वतःच बसून होत्या.

सुगंधाबाई साईराजबरोबर आल्या, सरळ बाल्कनीत गेल्या, वाकल्या आणि दोन बोटांनी ती सुतळी सोडवली. ती त्यांनी बबनरावांच्या हातात ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या.

"खारट आहे," बबनराव म्हणाले. "मी चाखली." मग एकदा सुरुवात झालीच आहे म्हणून त्यांनी बांगड्याचंही सांगितलं. सुरमईचं सांगायचं राहिलं, ते वासंतीबाईंनी सांगितलं.

 सुगंधाबाईंचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, वासंतीबाईंनी पाणी आणलं, आणि ते देताना त्याही हसायला लागल्या. बबनराव हातात सुतळी घेऊन मध्ये उभे होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं.

"माजा पन पालक गेला," डोळे पुसत सुगंधाबाई म्हणाल्या. "फोटो काढला तवा चांगला होता. नंतर पिवला पडला. मी माती इतकी धुतली, इतकी धुतली, का तिच्यात कायच न्हाय राहिलं. आता वालून वीट झालीय. परवा विलीनं खनत होते."

"खत नाही घातलं?"

"अंगनातल्या टबाला कशाला खत घालाचं, असं वाटलं."

बबनराव एकदम जागचे हलले. खत हा त्यांचा प्रांत होता. बाथरूमच्या मागच्या सज्जात एका झाकणाच्या डब्यात भाजीची देठं, केळ्याच्या साली, चहाचा चोथा आणि वाळकी पानं टाकून त्यांनी खत कुजवलं होतं. वासंतीबाईंनी त्या डब्याबद्दल आजवर चार शब्द चांगले काढले नव्हते. बबनरावांनी झाकण उघडून सुगंधाबाईंना दाखवलं. सुगंधाबाईंनी मूठ भरून नाकाशी नेली आणि मान डोलावली. चाखली नाही, हे वासंतीबाईंनी नशीब मानलं.

त्या दिवशी असं ठरलं की बबनरावांच्या गोणीला आधी धुवायचं, मग ऊन द्यायचं, मग तिच्यात खत मुरवायचं. सुगंधाबाईंच्या विटेला फोडून तिच्यात खत आणि नारळाचा भुसा घालायचा. तारीखही ठरली, पण ती वासंतीबाई आणि साईराजने आतल्या खोलीत कॅलेंडर बघून ठरवली आणि बाहेर येऊन नुसती सांगितली. डिसेंबरातली.

धुवायचं ठरलं खरं, पण एप्रिल उजाडला होता आणि भाईंदरचं पाणी दिवसाआड येत होतं. बबनरावांनी डब्याला खालून भोकं पाडली, तो गच्चीवर विटांवर ठेवला आणि वरून बादली ओतली. खालून तपकिरी पाणी गळायला लागलं आणि जिन्यातून जितेशभाई वर आले.

"काका, यहां पीने को पानी नहीं है और आप मिट्टी को नहला रहे हो?"

 बबनरावांनी बादली खाली ठेवली. मग त्यांनी अंघोळीच्या पाण्याचा विचार केला. अंघोळीचं पाणी वाया जातंच, ते परातीत साठवलं तर कुणाची तक्रार नको. अडचण एकच, साबण. मातीला साबण चालायचा नाही. बबनरावांनी कुणाला न सांगता साबण बंद केला. उन्हाळ्याचे दिवस. आठवडा गेला असेल-नसेल, सुरुची जेवताना ताट घेऊन खिडकीपाशी बसायला लागली. वासंतीबाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग न्हाणीघरातली कोरडी साबणाची वडी आणून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही तशीच्या तशी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही माती धुताय का स्वतःला मातीत घालताय?"

सुटका झाली ती जितेशभाईंमुळेच. त्यांच्या फ्लॅटला दोन एसी होते आणि त्यांची नळी पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायची. त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर उन्हाळ्यात भांडण व्हायचं. यंदाच्या मीटिंगमध्ये ते सुरू झालं तेव्हा बबनराव उठून म्हणाले, "ते पाणी मला द्या."  एसीचं पाणी म्हणजे हवेतलं पाणी, त्यात मीठ नाही, क्षार नाही, मातीला याच्यापेक्षा गोडं पाणी मिळायचं नाही, असं त्यांनी समजावलं. हे त्यांना सुगंधाबाईंनी फोनवर सांगितलं होतं की त्यांनी सुगंधाबाईंना, यावर पुढे वाद झाला. जितेशभाईंनी नळीला पाइप जोडून कॅन लावला. रोज सकाळी कॅन भरलेला असे. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी बबनरावांना मोहनथाळ पाठवला.

माती धुतली गेली. दर खेपेला बबनराव खालून गळणारं पाणी बोटावर घेऊन चाखत. थुंकायला जवळ तांब्या ठेवत. ज्या दिवशी ते पाणी नुसतं पाण्यासारखं लागलं त्या दिवशी त्यांनी मुर्ध्याला फोन केला. मग माती काळ्या पिशव्यांत भरून, तोंडं बांधून, गच्चीवर उन्हात ठेवली. पिशव्यांना हात लावला तरी चटका बसे. कीड, बुरशी, जे काय होतं ते शिजून निघालं. मग सावलीत काढून खत आणि थोडी निंबोळी पेंड घातली आणि तिला तशीच पडू दिली. वासंतीबाई एकदा म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात तुम्ही मला एवढं सांभाळलं नव्हतं." बबनरावांनी आठवून पाहिलं आणि पेंडेच्या पिशवीचं तोंड बांधलं.

गणपतीच्या सुमारास त्या मातीत वांग्याची झाडं लागली, पण ती मुर्ध्याच्या टबात. शिगवणांकडच्या डब्यांत मुळा, चवळी आणि पालक आला. मातीची ही अदलाबदल सुगंधाबाईंनी करायला लावली होती. डिसेंबरात लग्न लागलं, त्याच्या आदल्या दिवशी दोन्ही घरची भाजी एकत्र करून वासंतीबाईंनी मोठ्या पातेल्यात शिजवली. पन्नास माणसांत ती चमचा चमचाच वाट्याला आली. साईराजचा एक मामा म्हणाला की मीठ जरा कमी आहे. बबनराव आणि सुगंधाबाईंनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही इतकं बरं वाटलं की मामा गोंधळून गेला.

आता सोसायटीत माती ही बबनरावांची जबाबदारी होऊन बसलीय. कुणाचं तुळशीचं रोप वाळलं, कुणाचा मनी प्लँट सडला, की कुंडी शिगवणांच्या दाराशी येते. कधी कधी सकाळी दार उघडलं तर चार कुंड्या रांगेत उभ्या असतात आणि वासंतीबाईंना दूध घ्यायला त्या ओलांडून जावं लागतं. त्यांनी बाल्कनीतल्या दोन खुर्च्यांचा विषय सोडून दिलाय. एक खुर्ची आहे, तिच्यावर बबनराव बसतात. चाळणी मांडीवर असते, आणि मुळं वेचणं चालू असतं.

गेल्या आठवड्यात सुरुचीचा मुर्ध्याहून फोन आला. सुगंधाबाईंना त्याच टबात पुन्हा वांगी लावायची होती, कारण पहिल्या खेपेची चांगली आली होती.

"नाही," बबनराव म्हणाले. "वांग्याच्या मातीत वांगं नको, टोमॅटो नको, मिरचीही नको. एकाच घरातली आहेत ती, तेच तेच खातात आणि त्यांचे रोगही तेच. आता घेवडा लाव म्हणावं."

सुरुचीने ते पलीकडे सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू आलं.

"त्या म्हणतायत, त्यांच्या सासऱ्यांनी जन्मभर भातावर भात लावला."

"भाताचं वेगळं असतं. फोन दे त्यांना."

"बाबा, मी ऑफिसला चाललेय."

"दोन मिनिटं. फोन दे आणि तू जा."

सुरुचीने फोन सासूच्या हातात दिला आणि चपला घातल्या. साईराज गाडी काढून फाटकात उभा होता. फोन घरीच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं ते गाडी भाईंदर स्टेशनपाशी पोचल्यावर. तिने साईराजच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावून पाहिला. लाइन बिझी होती.